हसू दाबल्याचा आवाज

१

बाईंना मुलं आवडत नसत. ही गोष्ट आपण एकोणीस वर्षं कुणाला कळू दिली नाही, असं त्यांना वाटायचं. खरं म्हणजे फाटकावरच्या मामांपासून शाळेच्या बसवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ती ठाऊक होती.

तरी नोकरीनं त्या अभयारण्यातल्या निसर्गशिक्षिका होत्या. सकाळी साडेआठला फाटकाशी बस लागायची, तिच्यातून चाळीस-बेचाळीस मुलं सांडायची, आणि अकरा वाजेपर्यंत त्यांना तळं, पक्षी आणि सृष्टीविषयी प्रेम एवढं सगळं देऊन परत बसमध्ये कोंबायचं, हे बाईंचं काम. अडीच तासांत प्रेम बसत नाही हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून त्यांनी प्रेमाचा नाद सोडला आणि शिस्त धरली.

"धावायचं नाही. ओरडायचं नाही. पाण्यात काही टाकायचं नाही. आणि मगर कुठंय असं विचारायचं नाही. इथं मगर नाही, कधी नव्हती."

यावर एक तरी कार्टं हात वर करायचंच. "बाई, मग साप?"

कार्यक्रमातला एकच भाग बाईंना मनापासून आवडायचा. त्याचं नाव आवाजांचा नकाशा. तळ्याला अर्धगोल बांध होता आणि बांधावर दहा-दहा पावलांवर आकडे घातलेले बेचाळीस खुंट. एका खुंटापाशी एक मूल. तोंड पाण्याकडे, डोळे मिटलेले, सात मिनिटं पूर्ण शांतता. मग डोळे उघडायचे आणि हातातल्या कागदावर ऐकलेलं मांडायचं. कागदाच्या मधोमध फुली, म्हणजे 'मी'. वर छापलेला बाण पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे धरायचा. ज्या दिशेनं आवाज आला तिथं खूण करायची आणि कसला आवाज ते लिहायचं. बदक, वारा, बेडूक, पोटातली गुरगुर, जे असेल ते.

ती सात मिनिटं बाई बांधावरून निघालेल्या लाकडी पायवाटेनं चालत तळ्याच्या मध्यापर्यंत जायच्या. पायवाट जिथं संपते तिथं एक बाक होता आणि बाकामागे पाणकणसांचं दाट बेट. त्या बाकावर बसून थर्मासमधला चहा घ्यायच्या. मुलांना ज्ञान मिळो न मिळो, बाईंना चहा मिळायचा.

२

पूर्वी हे कागद सरळ रद्दीत जायचे. पण वर्षभरापूर्वी नवे साहेब आले. ते फार शिकलेले होते आणि 'अनुभव' हा शब्द दर वाक्याला वापरायचे. प्रत्येक मुलाच्या कागदावर बाईंनी कौतुकाचं एक वाक्य लिहावं, असं त्यांनी फर्मावलं. बाईंनी 'छान निरीक्षण!' असा रबरी शिक्का करून घेतला.

त्या मंगळवारी दुपारी माहिती केंद्राच्या मागच्या खोलीत बसून त्या शिक्के मारत होत्या. खोली अरुंद, एका बाजूला भुसा भरलेली पाखरं, दुसऱ्या बाजूला पेन्सिलींचे डबे आणि रबरी बुटांची रांग. बदक, ठक्. वारा, ठक्. विमान, ठक्.

अकराव्या कागदावर हात थांबला. फुलीच्या वर, कागदाच्या अगदी कडेला, बारीक खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं: कोणीतरी हसू दाबतंय.

बाईंनी नाक मुरडलं आणि शिक्का मारला. दोन कागद सोडून पुन्हा तेच. 'हसणं (दाबलेलं)'. पुढे एकानं नुसतं 'खुक्' लिहिलं होतं. बाईंनी शिक्का बाजूला ठेवला आणि सगळा गठ्ठा चाळला. बेचाळीसपैकी सतरा.

आपली टिंगल झाली, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. एका आगाऊ पोरानं काढलं असेल आणि बाकीच्या मेंढरांनी उतरवलं असेल. त्या शाळेतली मुलं तशी दिसतच होती, आणि त्यांच्या शिक्षिका तर बदकाला 'अय्या, हंस' म्हणाल्या होत्या.

एकच गोष्ट जराशी टोचत राहिली. सतरा कागदांच्या कोपऱ्यातले खुंटांचे आकडे त्यांनी पाहिले. तीन, नऊ, एकोणीस, अडतीस. तीन नंबरच्या मुलानं अडतीस नंबरच्या मुलाचं उतरवायचं तर त्याला साडेतीनशे पावलं धावत जावं लागलं असतं. आणि धावायचं नाही, हे बाईंनी सांगितलेलं होतं.

३

गुरुवारी दुसरी शाळा आली. ही लहान मुलं होती, तिसरीतली. नाकं वाहणारी, पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून फिरणारी. मंगळवारच्या मुलांशी त्यांचा संबंध असणं शक्यच नव्हतं. तरी बाईंनी खबरदारी घेतली. डोळे उघडल्यावर कुणी कुणाशी बोलायचं नाही, कागद तिथंच बसून भरायचा, आणि खुंटाखुंटाशी जाऊन त्या स्वतः गोळा करणार.

सव्वीस कागदांवर ते होतं. खूण आता कागदाच्या कडेला नव्हती, फुलीकडे बोटभर सरकली होती. ज्यांना नीट लिहिता येत नव्हतं त्यांनी चित्र काढलं होतं. एक गोल तोंड, आणि त्यावर आडवा हात.

चौदा नंबरच्या खुंटापाशी दोन वेण्या घातलेली मुलगी होती. बाई तिच्यासमोर वाकल्या.

"हे काय काढलंयस?"

"हसत होतं कुणीतरी. पण मोठ्यानं नाही. असं." तिनं तळहात तोंडावर दाबला आणि नाकातून श्वास फुसकन सोडला. खांदे दोनदा हलवले.

"कोण हसत होतं? तुझ्या शेजारची?"

"नाही. तुमच्याकडचं."

"माझ्याकडचं म्हणजे?"

मुलीनं पायवाटेच्या टोकाकडे बोट केलं. "तिथलं. तुम्ही चहा पीत होता ना, त्याच्या मागचं."

"डोळे मिटायला सांगितले होते. मी चहा पितेय हे तुला कसं दिसलं?"

मुलगी ओशाळली. बाईंना बरं वाटलं. खोटं बोलणाऱ्याला पकडलं की जग पुन्हा ताळ्यावर येतं. पण बांधावरून परत जाताना त्यांच्या मनात आलं की बांधापासून बाकापर्यंत सव्वाशे पावलं आहेत. एवढ्या अंतरावरून मोठ्यानं मारलेली हाकही नीट ऐकू येत नाही. मग दाबलेलं हसू कसं ऐकू येईल?

आणि बाकावर त्या स्वतः होत्या. त्यांना कुठं काय ऐकू आलं होतं?

४

घरी बाईंच्या थोरल्या बहिणीचं राज्य होतं. ताईनं तीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढले होते आणि निवृत्त झाल्यावरही तिला सरळ रेघ दिसली की ती खरंच सरळ आहे का, हे बघितल्याशिवाय चैन पडत नसे. दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या, एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलायचं नाही.

रात्रीची भांडी आवरल्यावर बाईंनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.

"हे काय मांडलंयस?" ताई चष्मा पुसत आली.

"माझी फजिती. बघ, कार्ट्यांनी मिळून मला कशी बनवलीय ती."

ताईनं दोन-चार कागद उलटसुलट करून पाहिले. "बाण कुठं धरलाय?"

"मनोऱ्याकडे. सगळ्यांचाच."

"आणि हे आकडे खुंटांचे? मग सोपं आहे की. तळ्याचा नकाशा आण."

बाईंनी माहितीपत्रकातला नकाशा दिला. ताईनं पट्टी आणि टोकदार पेन्सिल काढली. मंगळवारचा एकेक कागद घेऊन त्या त्या खुंटापासून खुणेच्या दिशेनं ती रेघ ओढत गेली. तिची मान तिरकी झाली होती आणि जिभेचं टोक ओठांतून बाहेर आलं होतं. सतरा रेघा झाल्यावर ती थांबली.

"अगं, ही फजिती नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मुलांनी मनचं काही काढलं असतं तर रेघा सैरावैरा गेल्या असत्या. कचेरीतली माणसं यंत्र लावूनसुद्धा एवढी नीट मिळवत नाहीत." तिनं पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं. सतराच्या सतरा रेघा एका ठिपक्यात शिरत होत्या. तो पाणकणसांच्या बेटापलीकडे, उघड्या पाण्यात होता. तिथं दोन पुरुष खोल पाणी होतं.

गुरुवारच्या सव्वीस रेघाही एकाच ठिकाणी मिळाल्या. फक्त हा ठिपका बेटाच्या कडेला होता. पाण्यातून कणसांत शिरायच्या बेतात.

ताईनं दोन्ही ठिपके पट्टीनं जोडले आणि सवयीनं रेघ पुढे वाढवली. पट्टी बाकावरून गेली.

"इथं काय आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "झोप आता. डोळे जातील तुझे."

५

सोमवारी तिसरी शाळा आली. बाई बाकावर बसल्या, पण थर्मास उघडला नाही. सात मिनिटं त्यांनी कान देऊन ऐकलं. पाणी फळ्यांखाली चुबुक चुबुक करत होतं. एक पाणकोंबडी ओरडली. कणसं एकमेकांवर घासत होती. माणसाचा म्हणावा असा कसलाही आवाज नव्हता. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी मागे वळून पाहिलं. पाचव्याला पुन्हा पाहिलं. हिरव्या पात्यांची भिंत आणि तिच्यात सावली, बस्स.

शेवटच्या मिनिटात त्यांच्या मानेवरचे बारीक केस उभे राहिले. वारा पडला होता, तरी मानेला काहीतरी लागत होतं. थोडंसं, थांबून थांबून. जणू कुणी तोंड घट्ट मिटून घेतल्यामुळे त्याला नाकातून श्वास सोडावा लागत होता.

त्या उठल्या नाहीत. मुलांदेखत उठून पळायचं म्हणजे उद्या शाळाशाळांतून नकला झाल्या असत्या.

बेचाळीसपैकी एकोणचाळीस कागद. या वेळी ताईची वाट न पाहता मागच्या खोलीत त्यांनी स्वतःच पट्टी लावली. ठिपका बाकामागे चार हातांवर पडला.

नकाशा घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, दूर धरला, जवळ धरला.

"वा," ते म्हणाले. "म्हणजे मुलं निसर्गात आनंद ऐकतायत."

"साहेब, माझ्या पाठीमागे चार हातांवर काहीतरी आहे आणि ते मला दिसत नाही."

"बाई, तुम्ही फार शब्दशः घेता. मुलांचा अनुभव हा त्यांच्यासाठी सत्य असतो. आपण तो नाकारायचा नाही." त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. बहुधा 'आनंद' हाच शब्द असावा.

"बुधवारपासून हा भाग बंद ठेवते मी."

"मुळीच नाही. तोच तर गाभा आहे आपल्या कार्यक्रमाचा."

साहेब एकदाही बांधावर आले नव्हते. त्यांना डास चावायचे.

६

बुधवारच्या शाळेबरोबर जे सर आले त्यांचं नाव बाईंनी विचारलं नाही. त्यांनी गॉगल डोक्यावर लावला होता म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांना 'गॉगल' म्हणायला सुरुवात केली. बसमधून उतरल्यापासून त्यांचं लक्ष मोबाइलात होतं. मुलं मोजायचं काम त्यांनी एका मुलाच्या आईवर ढकललं. खंड्या दिसला तेव्हा मुलांनी हाका मारल्या, तर 'हो हो, छान' असं म्हणताना मानही वर केली नाही. मग मनोऱ्याला पाठ करून स्वतःचा फोटो काढला. त्यात खंड्या नव्हता.

अशी माणसं बाईंनी एकोणीस वर्षांत शेकड्यानं पाहिली होती. मुलं निदान लहान असतात म्हणून मूर्ख असतात. यांचं काय कारण?

खुंटांपाशी मुलं बसली. पायवाटेच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या. बाक पलीकडे उन्हात रिकामा दिसत होता. त्यांचा पाय उचलेना.

"मॅडम, माझं काही काम आहे का?" मोबाइलकडे बघतच सरांनी विचारलं. "इथं रेंजच नाही हो."

बाईंनी एकदा बाकाकडे पाहिलं आणि एकदा त्यांच्या डोक्यावरच्या गॉगलकडे.

"त्या बाकावर बसा," त्या म्हणाल्या. "तिथं चांगली येते."

सर खूश होऊन निघाले. फळ्यांवर त्यांचे बूट टकटक वाजत गेले. बाईंनी स्वतःची समजूत घातली: याला काय होणार आहे? व्हायला आत काहीतरी असावं लागतं.

मग त्या शक्य तितक्या घाईनं मनोऱ्यावर चढल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

सर बाकावर बसले होते. पाय पसरलेले, मान खाली, मोबाइल दोन्ही हातांत. अंगठे चालले होते. एक मिनिट. दोन मिनिटं. पाणकणसं स्तब्ध होती. बाईंना स्वतःचीच लाज वाटायला लागली होती, तेवढ्यात सरांचे अंगठे थांबले.

त्यांनी मान वर केली. काहीतरी ऐकल्यासारखी.

आणि त्यांच्या तोंडावर हात होता. चार बोटं गालावर, तळवा ओठांवर. वर्गात हसू फुटू नये म्हणून मुलं धरतात तसा धरलेला. बाईंनी दुर्बिणीचं चाक फिरवून चित्र नीट केलं. सरांचे दोन्ही हात मोबाइलवर होते. दोन्ही. डावा आणि उजवा. बाईंनी मोजले. मुलं मोजतात तसे मोजले.

दुर्बीण खाली आली. पुन्हा लावली तेव्हा सर उठून उभे होते, तोंडावर काही नव्हतं आणि कणसांची एकच दांडी मागे हलत होती.

७

कागद गोळा केले. बेचाळीसांतल्या एकावरही हसण्याची खूण नव्हती. बेडूक, वारा, बदक. सात नंबरच्या मुलानं तेवढं लिहिलं होतं: आधी कुणीतरी हसत होतं, मग थांबलं.

बाईंना हलकं वाटलं. किती हलकं वाटलं ते नंतर आठवून त्यांना स्वतःची शिसारी यायची होती, पण त्या घटकेला वाटलं खरं. गेलं ते. ज्याच्याबरोबर जायचं त्याच्याबरोबर गेलं.

फाटकाशी मुलं रांगेनं बसमध्ये चढत होती. सर दाराशी उभे होते, ओठ आत ओढून. गाल फुगले होते. खांदे थरथरत होते. मुलाच्या आईनं विचारलं, "सर, काय झालं? कसला एवढा विनोद?" त्यांनी मान हलवली. ती आई बघता बघता स्वतःही हसली, कारण नसताना. हसता हसता तिनं तोंडावर हात ठेवला. मग पुढच्या दोन मुली. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि दोघींनी ओठ दाबून धरले.

एकोणीस वर्षांत बाईंना मुलांबद्दल एक गोष्ट पक्की कळली होती. एकाला हसू फुटलं की ती रांग गेलीच. कारण लागत नाही, समोर हसणारं तोंड असलं की पुरतं. इथं तर बंद बस होती, बेचाळीस मुलं आणि तासाभराचा रस्ता.

सर पायरीवर चढताना वळले आणि बाईंना त्यांचे डोळे दिसले. तोंड हसू दाबत होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते डोळे बुडणाऱ्या माणसाचे होते.

दार लागलं. बस हलली.

बाई धावल्या. धावायचं नाही असं ज्या रस्त्यावर त्यांनी हजारो मुलांना बजावलं होतं, त्याच रस्त्यावर पंचावन्न वर्षांच्या बाई साडी सावरत बसच्या पुढे जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"मरायचंय का, बाई?"

"सरांना उतरवा."

"अहो, पण..."

"उतरवा म्हणते ना! त्यांना बरं नाही. संसर्गाचं आहे." एवढंच त्यांना सुचलं, आणि बोलून झाल्यावर कळलं की ते खोटं नव्हतं. "एका मुलाच्या आई आहेत बरोबर, त्या नेतील मुलांना. आणि तुम्ही खिडक्या उघड्या ठेवा. मुलांना एकमेकांकडे बघू देऊ नका. मोठ्यानं पाढे म्हणायला लावा."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, पण सरांना उतरवलं. बस वळणावर दिसेनाशी होईतो बाई कानोसा घेत उभ्या होत्या. मुलं कंटाळलेल्या सुरात पाढे म्हणत होती, मधे कुणाचंही हसू नव्हतं. इतका गोड आवाज बाईंनी जन्मात ऐकला नव्हता.

८

सर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. दोन्ही तळहात तोंडावर. बोटांच्या फटींतून मधूनमधून शब्द येत होते.

"मला हसू येत नाहीये, मॅडम. खरंच सांगतो. हे माझं नाहीये."

"ठाऊक आहे मला."

"काय आहे हे?"

"ते ठाऊक नाही."

"बाहेर पडलं तर काय होईल?"

बाईंना एकच रीत माहीत होती. मुलं पिसं, शंख, अंडी असलं काही उचलून खिशात घालतात, तेव्हा त्या बजावतात: जिथून उचललं तिथं ठेवून ये.

"चला," त्या म्हणाल्या. "उठा."

त्यांनी सरांचा दंड धरला आणि त्यांना पुन्हा बांधावरून, पायवाटेवरून, त्या बाकापर्यंत चालवत नेलं. हा माणूस लहान मुलासारखा त्यांचा हात घट्ट धरून चालत होता. गॉगल कुठंतरी पडला होता. केस विरळ होते, आणि शर्टाच्या कॉलरला आतून कुणीतरी हातानं टाका घातलेला होता. घरी याची वाट बघणारं कुणी आहे, हे बाईंच्या आता लक्षात आलं.

सर बाकावर बसले. काही झालं नाही. खांदे हलतच राहिले.

"जात नाहीये," ते रडवेले होऊन म्हणाले.

"जाणार कसं? ते तुमच्यासाठी आलंच नव्हतं." बाईंनी पदर खोचला. "सरका. मी बसते. तुम्ही उठा आणि चालू लागा. मागे बघायचं नाही."

"पण मॅडम, तुम्ही..."

"एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

ते उठले. बाई बसल्या. सर लाकडी फळ्यांवरून आधी अडखळत गेले, मग जरा सरळ. अर्ध्या वाटेत त्यांचे खांदे थांबले. त्यांनी खोल श्वास घेतला, तोंड पुसलं, खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्याकडे बघत बघत निघून गेले. येतो म्हणाले नाहीत, आभार मानले नाहीत, काही नाही.

गाढव, बाईंच्या मनात आलं.

त्याच क्षणी पाठीमागे, कानाला लागून, त्यांना ते पहिल्यांदा ऐकू आलं. एक बारीक 'खुक्'. एखाद्यानं फार वेळ, वर्षानुवर्षं म्हणावं इतका वेळ, आवरून धरलेलं. बाईंनी वळून पाहिलं नाही. तोंडावर काहीतरी गार आणि ओलं टेकलं, घट्ट बसलं, आणि मग त्यांच्या ओठांच्या आत गेलं.

९

संध्याकाळी पाचला माहिती केंद्र बंद झालं. बाई बाकावरच होत्या. फाटकावरच्या मामांनी बांधावरून दोनदा हाक मारली, तेव्हा त्यांनी हात हलवून 'जा' असं खुणावलं. मामांना वाटलं, बाई पक्षी बघतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ओठ दाबून दाबून जबडा बधिर झाला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसू आत उसळत होतं, ओसरत होतं, पुन्हा उसळत होतं, आणि दर खेपेला त्यांना एकेक चेहरा दिसत होता. नाक वाहणारी मुलं, ओशाळलेली वेण्यांची मुलगी, टाका घातलेली कॉलर. सगळे हास्यास्पद, सगळे इतके हास्यास्पद की पोट दुखावं. हे आपलं नाही, त्या स्वतःला बजावत होत्या. पण सर जितक्या ठामपणे म्हणाले होते, तितकं ठामपणे त्यांना म्हणता येत नव्हतं.

तरी त्यांनी ठरवलं होतं. माणसांत जायचं नाही. इथंच बसायचं. इथं कणसं आहेत, पाणी आहे, बदकं आहेत. बदकांना संसर्ग होत नाही.

फोन वाजला. पडद्यावर 'ताई'. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. तोंड उघडता येत नव्हतं. एका हातानं तोंड दाबून दुसऱ्यानं त्यांनी लिहिलं: उशीर होईल. जेवून घे. येऊ नकोस. शेवटचे दोन शब्द लिहायला नको होते, हे संदेश गेल्यावर लक्षात आलं. येऊ नकोस म्हटल्यावर घरी बसणारी ताई नव्हे.

पाऊण तासानं फाटकाशी गाडीचं दार वाजलं. मग मामांचा आवाज, आणि मग दुखऱ्या गुडघ्यांनी बांध चढणारी ती ओळखीची आकृती. एका हातात डबा, दुसऱ्यात काठी. सूर्य मनोऱ्याआड गेला होता, पण उजेड भरपूर होता. चेहरे दिसण्याइतका.

"अगं, फोन का घेत नाहीस?" ताई पायवाटेवर आली. "काळजीनं जीव अर्धा झाला माझा! तोंडाला काय कुलूप लावलंय?"

बाई उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे करून जोरजोरानं हलवले. थांब. मागे फीर. जा. पण हात तोंडावरून काढल्यामुळे तोंड उघडं पडलं होतं. फुगलेले गाल, दाबलेले ओठ, गदगदणारे खांदे, सगळं आता ताईला समोरून दिसत होतं.

ताईची पावलं मंदावली. ती डोळे बारीक करून बहिणीकडे बघत राहिली. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"कसलं एवढं हसू येतंय तुला?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्याही ओठांचे कोपरे हलायला लागले.